सरांचं ढेकूळ

मी त्यांच्याकडं एक दिवस मागितला होता. त्यांनी तो दिला नाही, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

सांगवीहून निघून बारामतीच्या मार्केट यार्डात मी पाठीवर पोती वाहिली. आज बारामती-इंदापूर रस्त्यावर माझं स्वतःचं कोल्ड स्टोरेज आहे. मधल्या काळात माझ्यासमोर सौद्याला बसलेला माणूस काहीतरी सोडल्याशिवाय उठला नाही. व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, बँकेचे मॅनेजर, कॉम्प्रेसर विकायला आलेली टायवाली पोरं, सगळ्यांना मी थोडंफार खाली आणलं. एकच माणूस आला तसा उठून गेला, आणि तो माझाच भाडेकरू होता.

त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणतो. गाव निरवांगी. वडील वालचंदनगरला फिटर होते, त्यामुळं लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं. पुढं शिकत शिकत ते आकाशाच्या अभ्यासात शिरले, बरीच वर्षं परदेशात राहिले, मग पुण्यात आले. एका पावसाळ्यात निरवांगीत त्यांच्या आई घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला यायला त्या तयार होईनात. "मला लिफ्टचं भ्या वाटतं," एवढंच म्हणायच्या. मग सर इकडं आले. धाकटे भाऊ शेती बघायचे, आईंचं सगळं करायचे. सरांना जवळ राहायचं होतं. पण निरवांगीत वीज टिकत नव्हती आणि त्यांचे कॉम्प्युटर दिवसरात्र चालायला हवे होते. माझ्याकडं जनरेटर होता, इंटरनेटची चांगली लाइन होती. त्यांनी कोल्ड स्टोरेजच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मागितल्या.

मी भाडं मुद्दाम दुप्पट सांगितलं. अर्ध्यावर यायची माझी तयारी होती. ते म्हणाले, "बरं."

सौद्यात दोरीचं दुसरं टोक समोरच्यानं धरायचं असतं. त्यानं धरलंच नाही तर ओढणारा पाठीवर पडतो. मी तसा पडलो. रात्रभर वाटत राहिलं की या माणसानं मला फसवलंय, फक्त कसं ते कळत नाही. सकाळी रागारागानं वर गेलो आणि म्हणालो, "सर, भाडं जास्त सांगितलं म्या. निम्मं द्या."

ते कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाले, "बरं."

त्यांच्या सवयी सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. मे महिन्यात, बाहेर डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस स्वेटर आणि कानटोपी घालून खाली यायचा आणि माल चढवायच्या जागेत, शीतखोलीच्या दाराशी स्टूल टाकून कागद वाचत बसायचा. वरच्या खोलीत जिथं जिथं मशीनवर हिरवा-तांबडा दिवा लागायचा, त्यावर त्यांनी काळी इन्शुलेशन टेप चिकटवली होती. सगळ्या हमालांना ते "साहेब" म्हणायचे. सुरुवातीला हमालांना ती थट्टा वाटली, मग सवय झाली, आणि मग मी "ए" म्हटलेलं त्यांना चालेना. कुणी कुणाबद्दल "फार मोठा माणूस हाय" असं बोललं की सर लगेच विचारायचे, "जन्मला तेव्हा केवढा होता?" लोक हसायचे. ते हसायचे नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

पहिलं भांडण माझ्या थंडीवरून झालं. मी त्यांना कौतुकानं शीतखोली दाखवायला नेली. द्राक्षाच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, तोंडातून वाफ निघतेय. म्हटलं, "शून्याला टेकवून ठेवलंय, सर. पारा हलत न्हाय."

"गरम आहे," ते म्हणाले.

"काय हाय?"

"मी जिथं बघतो ना शेठ, तिथं उणे दोनशे साठच्या आसपास असतं. त्या हिशेबानं ही भट्टी आहे."

हमाल फिदीफिदी हसले. माझं डोकं फिरलं. बागायतदार माझ्या थंडीच्या भरवशावर वर्षाची मेहनत ठेवून जातात, आणि हा कानटोपीवाला तिला भट्टी म्हणतो. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमची थंडी द्राक्षासाठी उत्तम आहे. ताऱ्यासाठी चालणार नाही."

"ताऱ्याला थंडी कशाला लागती?"

"जन्मायला."

तिथून सुरू झालं ते. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तेवढं लिहितो. तारे ढगातून होतात. पावसाचे ढग नव्हेत. वायू आणि धुळीचे, इतके मोठे की उजेडालासुद्धा ते ओलांडायला कित्येक वर्षं लागावीत. त्या ढगात कुठं कुठं दाट ढेकळं असतात. ढेकूळ थंड असलं की स्वतःच्याच वजनानं आत दबत जातं आणि मधोमध तारा पेटतो. आपल्या सूर्यासारखे मध्यम तारे कसे होतात हे लोकांना बऱ्यापैकी कळलंय. पण जे खरे दांडगे तारे, सूर्याच्या कितीतरी पट वजनाचे, त्यांची सुरुवात कशी होते हे धड कुणालाच माहीत नाही. ते मुळात थोडे, फार लांब, आणि त्यांचा जन्म फार घाईत होतो. आपल्याला दिसेपर्यंत त्यांनी आपलं घरटं उडवून लावलेलं असतं.

"म्हंजी पोरगं बघायला जावं तर ते आधीच मिशा फुटून बसल्यालं," मी म्हणालो.

"आणि घराचं छप्पर उडवून," सर म्हणाले. "मला ते छप्पर शाबूत असताना बघायचंय. आत अजून कुणीच नाही, पण सगळी सामग्री जमलेली आहे, असं एक ढेकूळ. मोठं, थंड, काळं आणि रिकामं."

अशी ढेकळं शोधणारे जगभर आहेत. आकाशगंगेच्या पट्ट्यात उष्णतेचा फिकट उजेड पसरलेला असतो, तो आपल्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्या उजेडापुढं काही जागा काळ्या दिसतात. तीच ही ढेकळं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, हे बघा, हे मोठं आहे आणि रिकामं आहे. मग दुसरं कुणी जास्त तीक्ष्ण दुर्बीण लावतं, आणि आत बारकासा तारा आधीच बसलेला निघतो. सरांचं एक ढेकूळ होतं. त्यावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ज्या ज्या यंत्रानं बघितलं त्यात ते गप्पच राहिलं होतं. ना आत दिवा, ना बाहेर झोत, ना कसली खूण. आमचे हमाल त्याला "सरांचं ढेकूळ" म्हणायला लागले आणि शेवटी सरही तेच म्हणायला लागले.

एका गोष्टीवर मात्र आमचं कधी जमलं नाही. सरांचं म्हणणं, मोठा तारा मोठ्या ढेकळातून होतो. त्याचा सगळा साठा आधीच एका जागी जमलेला असतो, मग तो पेटतो. मी म्हणायचो, असं कुठं असतं व्हय? आधी साठा आणि मग जन्म, हे बापाची इस्टेट मिळणाऱ्यांचं झालं. मोठा होणारा बारकाच जन्मतो आणि आजूबाजूचं ओढत ओढत वाढतो. मी स्वतः तसा वाढलो.

"तुमच्या बाजूचे पुष्कळ शास्त्रज्ञ आहेत," सर म्हणाले. "चांगली कडाक्याची भांडणं चालतात."

"मग मला घ्या की त्या भांडणात."

"तुम्ही टेबलावर मूठ आपटाल."

"आपटंन. त्याशिवाय ऐकतंय कोण?"

आता कॉम्प्रेसरची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं तीच माझ्या अंगावर आली.

डाळिंबाच्या हंगामात एका सकाळी मोठा कॉम्प्रेसर बसला. मिस्त्री म्हणाला सुटा भाग पुण्याहून येईल, संध्याकाळपर्यंत बहुतेक चालू होईल. बहुतेक. मी खुर्ची ओढली आणि ज्यांचा ज्यांचा माल आत होता त्यांना एकेक करून फोन लावले. "गाडी पाठवा आणि माल हलवा. माझ्याकडं थंडी राहिली न्हाय." इंदापूरकडच्या एका बागायतदारानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही त्याला सोडलं नाही, पण माल हलवायला लावला. सर जिन्यात उभे राहून सगळं ऐकत होते.

"दुपारपर्यंत वाट बघितली असती तर?" त्यांनी विचारलं.

"आनि भाग आलाच नसता तर? त्यांचा माल हाय सर, माझा न्हाय. काय झालंय ते ज्याचं त्याला कळलं पायजे, आन् लगीच."

ते मान हलवत वर गेले.

दुपारनंतर गाड्या निघून गेल्या. वीजही गेली होती, जनरेटर मी फक्त वरच्या कॉम्प्युटरपुरता चालू ठेवला होता. रिकाम्या शीतखोलीत मी एकटा जाऊन उभा राहिलो. दार मागं लोटलं गेलं आणि काळोख झाला. उभ्या आयुष्यात एवढी मोठी खोली मी रिकामी बघितली नव्हती. बघितली कसली, काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात दार उघडून मिटल्याचा आवाज झाला.

"शेठ, आहात का?"

"हाय. मेलो न्हाय अजून."

"दिसत नाही तुम्ही." ते चाचपडत जवळ आले. "पण माझ्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून. माझं यंत्र इथं असतं ना, तर त्याला या भिंती काळ्या दिसल्या असत्या आणि मधोमध तुम्ही, कंदिलासारखे. तुमच्या अंगातून उजेड निघतोय. गरम असलेल्या प्रत्येक वस्तूतून निघतो. तो बघायला वेगळे डोळे लागतात, इतकंच."

मी त्या काळोखात स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"रागावलात की जास्त निघत असेल," ते म्हणाले.

मला हसू आलं. मग ते हळू आवाजात बोलले, "मी असाच एका अंधाराकडं बघत बसलोय. आत कुणी आहे का, एवढंच विचारतोय. 'रिकामं आहे' असं म्हणायला फार बघावं लागतं, शेठ. 'आहे' म्हणायला एकदा दिसलं की पुरतं."

"किती लांब हाय हे तुमचं ढेकूळ?"

"तिथून आज जो संदेश माझ्यापर्यंत पोचतोय, तो निघाला तेव्हा नीरेच्या काठाला कुणी पेरणी केलेली नव्हती."

त्या काळोखात उभं राहून मी नीरेचा काठ डोळ्यांसमोर आणायला लागलो. ऊस नाही, बांध नाही, मोटारी नाहीत, माणूस नाही. आणि तेव्हापासून एक निरोप सारखा चालत येतोय, आणि तो घ्यायला हा निरवांगीचा माणूस कानटोपी घालून बसलाय. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. थंडी उतरत चालली होती, तरी आला. कॉम्प्रेसर त्या दिवशी सुरू झाला नाही, आणि मला त्याचं तेवढं वाईट वाटलं नाही.

सरांच्या आई आम्हा सगळ्यांपेक्षा चलाख होत्या. काठी टेकत चालायला लागल्यावर त्या कधीमधी धाकट्या मुलाच्या गाडीवर माझ्याकडं यायच्या. येताना शेपूची भाजी आणि भाकरी असायची. बाकी दिवशी संध्याकाळी फोन. सर स्पीकर लावायचे, त्यामुळं आम्हालाही ऐकू यायचं.

"घावला का?"

"न्हाय घावला, आई."

"बरं झालं. जेवला का?"

पहिल्यांदा मला वाटलं म्हातारीला कळत नसेल. एकदा मी त्यांना म्हटलं, "आई, न्हाय घावला म्हटल्यावर बरं कसं झालं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच बारका झालो. "आरं, त्याला मोकळी खोली पायजे हाय. आत कोन बसल्यालं घावलं तर त्याची खोली गेली न्हवं का? शेठ हायस आन् येवढं कळंना व्हय तुला?"

मग ती बातमी आली. परदेशातल्या एका मोठ्या मासिकात सरांचं ढेकूळ छापून आलं: आतापर्यंत सापडलेल्यांत सगळ्यात भारी, सगळ्यात थंड, आणि आत कुणी नाही असं दिसणारं. त्यावर शेवटची नजर टाकायला त्यांना जगातल्या सगळ्यात तीक्ष्ण दुर्बिणींपैकी एकीवर वेळही मिळाला होता. ती दुर्बीण जगाच्या दुसऱ्या टोकाला, वाळवंटातल्या डोंगरावर आहे. तिथलं बघणं आपोआप होतं, निकाल इथं कॉम्प्युटरवर येतो. इकडच्या पेपरात सरांचा फोटो आला.

मी ठरवलं, सत्कार करायचा. यात माझाही डाव होता, तो लपवत नाही. यार्डातले जुने अडते मला अजून मनातून हमालच समजतात. त्यातले एक अण्णा तर चारचौघांत "ये रं हमाला" म्हणूनच हाक मारतात, वर प्रेमानं म्हणतो म्हणतात. यार्डाच्या कुठल्याही कार्यक्रमात मला स्टेजवर खुर्ची मिळाली नव्हती. हा कार्यक्रम माझा, स्टेज माझं, खुर्च्या मी मांडणार. साखर कारखान्याचे एक संचालक यायला तयार झाले. मंगल कार्यालय ठरलं, आणि बारामतीच्या चौकात मी मोठा फ्लेक्स लावला:

"महाकाय ताऱ्याचा शोध लावणारे निरवांगीचे सुपुत्र, इंदापूर-बारामतीचा अभिमान, यांचे हार्दिक अभिनंदन!"

खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो होता. तो सरांच्या फोटोपेक्षा जरासा मोठा आला होता. ते छापणाऱ्यानं केलं. मी फक्त अडवलं नाही.

तासाभरात सरांचा फोन. "शेठ, चौकातला फ्लेक्स तुमचा?"

"व्हय. कसा झालाय?"

"छान आहे. पण तारा सापडलेला नाही. तारा नाही, हाच तर शोध आहे."

"मग काय छापू? काही न सापडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन?"

"हो!" ते एकदम खूश झाले. "अगदी बरोबर. तसंच छापा."

मी कपाळावर हात मारला. अख्ख्या तालुक्यात असा फ्लेक्स कुणी लावला असेल का? म्हटलं, सर, लोकांना तारा कळतो, रिकामी जागा कळत न्हाय, ऱ्हाऊ द्या. ते "बरं" म्हणाले. पण हा "बरं" नेहमीचा नव्हता, हे मला सत्काराच्या स्टेजवर कळलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी कडक इस्त्रीचे कपडे घालून शाल, श्रीफळ, हार बघत होतो. सर जिना उतरून आले. कानटोपी हातात होती. डोक्यावर नसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

"शेठ, निकाल आला. आत तारा आहे."

मी आनंदानं ओरडलोच. "मग आपला फ्लेक्स बरोबरच हाय की!"

ते हसले, पण ते हसू बघून माझे हात खाली आले. मला आईंचं बोलणं आठवलं. खोली गेली होती. या माणसाचं उमेदीचं सगळं आयुष्य ज्या रिकाम्या खोलीच्या दाराशी गेलं होतं, तिच्यात आधीपासून कुणीतरी बसलेलं होतं.

"आज संध्याकाळी सांगावं लागेल," ते म्हणाले. "ज्या कारणानं सत्कार आहे, ते कारण राहिलं नाही."

मग मी सौद्याला बसलो. असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

"सर, आज गप ऱ्हावा. उद्या सांगा."

"नाही, शेठ."

"उद्या पेपरवाले मीच बोलावतो. तुमी काय बी सांगा. आजचा एक दिवस द्या."

"नाही."

"बरं, कार्यक्रम होईपर्यंत. शाल अंगावर पडू द्या, फोटो होऊ द्या, संचालक गाडीत बसू द्या. मग माइक घ्या आन् सांगा. तेवढं तरी?"

"शेठ—"

माझा तोल गेला. "तुमाला कळतंय का? आज पयल्यांदा मी त्या लोकांना माझ्या स्टेजवर बोलावलंय! ढेकूळ तिकडं हजारो वर्षं पडलंय, त्याला एका दिवसानं काय फरक पडतो?"

त्यांनी कानटोपीची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा तुम्ही किती वेळ थांबला होतात?"

दुसऱ्या कुणी असं पकडलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. पण हा माझाच शब्द होता, मीच त्यांना जिन्यात ऐकवलेला, आणि त्यांनी तो एवढे दिवस जपून ठेवला होता. माझ्याच मापानं त्यांनी मला मोजलं. सौद्यात याहून वाईट हार नसते.

कार्यालय भरलं होतं. पहिल्या रांगेत आई पांढऱ्या शुभ्र लुगड्यात बसल्या होत्या. निरवांगीच्या बुद्धविहारातली सगळी मंडळी आली होती, त्यांच्यामागं यार्ड. शालीच्या आधीच सरांनी माइक मागितला. मी संचालकांशेजारी माझ्या खुर्चीत खाली बघत बसलो.

"चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलंय की मी ताऱ्याचा शोध लावला," ते म्हणाले. "काल ते चूक होतं. आज सकाळपासून ते खरं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांनीही वाजवल्या. मला वाटलं, सुटलो; आता हा माणूस खाली बसला तर सगळं निभावलं. पण त्यांनी हात वर केला.

"टाळ्या नकोत, नीट ऐका. मी जगाला सांगितलं होतं की हे घर रिकामं आहे. ते रिकामं नव्हतं. मी चुकलो." संचालकांनी वळून माझ्याकडं बघितलं. "आत एक तारा आहे. अजून बारका आहे, आपल्या सूर्याएवढाही झाला नसेल. इतका झाकलेला की त्याचा स्वतःचा उजेड बाहेर येतच नाही. पण त्याच्या दोन्ही अंगांनी दोन बारीक झोत सुटलेत. तेवढ्यावरून कळलं की कुणीतरी आहे. तो भोवतालचं सगळं ओढून घेतोय. पुढं केवढा होईल, सांगता येत नाही. तान्हं बाळ दुपट्यात हातपाय झाडतं तसं काहीतरी मी आज सकाळी बघितलं. तिथं एवढी थंडी आहे, एवढा अंधार आहे, आणि त्यात हे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं. पण आधी हात जोडावेसे वाटले."

मागून अण्णांचा आवाज आला, "म्हंजी पाव्हनं चुकलं. मग सत्कार कशाचा हो, शेठ?"

हशा पिकला. संचालक घड्याळ बघायला लागले. मी उठलो. कानशिलं तापली होती. त्यांचं यंत्र तिथं असतं तर मी नक्की चमकलो असतो. माइक हातात घेतला, काय बोलायचं ते माहीत नव्हतं, आणि ओरडलो, "शाल आणल्याली हाय, ती घालणार! ज्यांना हसायचंय त्यांनी भाईर जाऊन हसा. बसा खाली, अण्णा!"

अण्णा बसले. मी शाल सरांच्या खांद्यावर टाकली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईंनी विचारलं, नेहमी फोनवर विचारायच्या त्याच आवाजात, "घावला व्हय रं?"

सर शाल सावरत स्टेजच्या कडेला आले. "घावला, आई."

आईंनी खाली बघितलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मंग आता दुसरं ढेकूळ बघ."

यार्डात मी अजून ऐकतो. "काय शेठ, घावला का तारा?" अण्णा तर भाव पुकारायच्या आधी विचारतात. एक दिवस दिला असता तर हे ऐकावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून मी वर गेलो. सर कानटोपी घालून बसले होते. त्यांनी काही न बोलता पडदा माझ्याकडं वळवला. काळं ढेकूळ, आणि त्याच्या पोटातून दोन बाजूंना निघालेल्या दोन बारीक रेघा, केसासारख्या. मी खुर्ची ओढून बसलो. किती वेळ बसलो, सांगता येत नाही. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही, आणि त्या गारठ्यात एक जण एकटाच जन्माला येऊन मिळेल ते ओढतोय. यार्डातली माझी पहिली सकाळ मला आठवली. रागावून आलोय हे मी विसरून गेलो.

"सर," मी शेवटी म्हणालो, "म्हंजी बारकाच जन्मतो आन् ओढत वाढतो. माझी बाजू जिंकली."

"एका ढेकळावरून काही ठरत नाही."

"तरी थोडी?"

त्यांनी विचार केला. "थोडी," ते म्हणाले.

तेवढंच त्यांनी मला सोडलं.

पुढं आई नीट हिंडू-फिरू लागल्या आणि सर दक्षिणेतल्या एका संस्थेत गेले. जाताना टेपचे तुकडेसुद्धा काढून नेले. वरच्या खोल्यांत आता डाळिंबाचे रिकामे खोके असतात. फ्लेक्स मी फेकला नाही. पावसाळ्यात जनरेटरवर घालतो, छापील बाजू वर करून.

गेल्या आठवड्यात पहिली द्राक्षं आली. एक पेटी घेऊन मी संध्याकाळी निरवांगीला गेलो. सरांचा फोन दुपारीच आला होता. नवीन ढेकूळ धरलंय, आणखी एकदा बघून झालं. आईंना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून निरोप माझ्याकडं दिला होता. त्या दारातच बसल्या होत्या. गाडीतून उतरू पण दिलं नाही.

"घावला का?"

मी आयुष्यभर काहीतरी पदरात पाडूनच घरी गेलोय. मोकळ्या हातानं गेलो तर त्या रात्री मला झोप लागत नाही. पण त्या दिवशी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "न्हाय घावला, आई!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि सरकून मला पायरीवर जागा केली.